वाचकांचे प्रश्न : ट्रॉम्बोन-ट्युबाची प्राध्यापकी

अमेरिकेतील शालेय बँडविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यावर आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली : ट्रॉम्बोन, युफोनियम किंवा ट्युबा वाजवणाऱ्या मुलामुलींना पुढे विद्यापीठात शिकवण्याची नोकरी मिळते का? या तीन वाद्यांना तिकडे एकत्रितपणे ‘लो ब्रास’ म्हणतात, म्हणजे पितळी फुंकवाद्यांतील मंद्र स्वरांची मंडळी. ट्रंपेट आणि फ्रेंच हॉर्न त्यांत मोडत नाहीत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांब पत्रांचा केवळ आशय ठेवला आहे.

प्रश्न : आमचा मुलगा डॅलसजवळच्या उपनगरात अकरावीत शिकतो आणि शाळेच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतो. यंदा त्याची टेक्सासच्या ऑल-स्टेट बँडमध्ये, म्हणजे राज्यभरातील निवडक शालेय वादकांच्या बँडमध्ये, निवड झाली. त्याला युफोनियमचा प्राध्यापक व्हायचे आहे. आम्ही दोघेही संगणक क्षेत्रातले असल्याने या वाटेची आम्हाला काहीच माहिती नाही. अशा नोकऱ्या असतात तरी किती? (एक आई, टेक्सास)

उत्तर : टेक्सासमध्ये ऑल-स्टेट बँडपर्यंत पोहोचणे ही साधी गोष्ट नव्हे, त्यामुळे मुलाच्या तयारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती नोकऱ्यांच्या संख्येबद्दल. केवळ युफोनियम शिकवणारा पूर्णवेळ प्राध्यापक, अशी पदे संपूर्ण अमेरिकेत फार थोडी आहेत. सिम्फनी ऑर्केस्ट्रात युफोनियमला कायमची खुर्ची नसते. एखाद्या रचनेत ते लागलेच, तर बहुधा ट्रॉम्बोनवादकांपैकी कोणीतरी तो भाग निभावून नेतो. त्यामुळे या वाद्यावर पोट भरण्याच्या जागा मुख्यतः दोनच उरतात : लष्करी बँड आणि शिक्षणसंस्था.

शिक्षणसंस्थांतही पद एका वाद्याच्या नावाने क्वचितच निघते. इंडियाना, मिशिगन, नॉर्थ टेक्सास यांसारख्या मोठ्या संगीतशाळांत ट्रॉम्बोनसाठी वेगळा आणि ट्युबा-युफोनियमसाठी वेगळा प्राध्यापक ठेवणे परवडते. मध्यम आकाराच्या राज्य विद्यापीठात तिन्ही वाद्ये एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. त्याहून लहान ठिकाणी त्याच माणसाकडे संगीतशास्त्राचा एखादा वर्ग, स्वर ओळखण्या-लिहिण्याचा तास, जॅझ बँड किंवा फुटबॉलच्या सामन्यांत वाजवणाऱ्या मार्चिंग बँडच्या दिग्दर्शकाला मदत, यांपैकी काहीतरी जोडलेले असते. आणि सर्वांत लहान महाविद्यालयांत पूर्णवेळ पद नसतेच, आठवड्यातून एक दिवस गाडी हाकत येऊन चार-पाच विद्यार्थ्यांना शिकवून जाणारा शिक्षक असतो.

‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक’ या संघटनेची मान्यता असलेल्या संस्था सहाशेहून अधिक आहेत, आणि हा आकडा ऐकून पालकांना हायसे वाटते. पण त्यांतील कितीतरी ठिकाणी हे पद पूर्णवेळ नसते आणि जेथे असते तेथे ते सहजासहजी रिकामे होत नाही. एमरी रेमिंग्टन हे ट्रॉम्बोनचे नामांकित गुरू ईस्टमन संगीतशाळेत १९२२ पासून १९७१ पर्यंत शिकवत होते. इंडियाना विद्यापीठातील ट्युबाची गादी १९७१ साली विल्यम बेल यांच्याकडून त्यांचे शिष्य हार्वी फिलिप्स यांच्याकडे आली आणि त्यांनी ती १९९४ पर्यंत सांभाळली. विशिष्ट वय झाले म्हणून कायम प्राध्यापकाला सक्तीने निवृत्त करण्याची मुभाही १९९४ पासून विद्यापीठांना राहिलेली नाही. आता साधा हिशेब करून पाहा. एखाद्या प्राध्यापकाने तीस वर्षे दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला डॉक्टरेटपर्यंत नेले, तरी तीस उमेदवार तयार होतात आणि त्याची स्वतःची खुर्ची मात्र एकदाच रिकामी होते.

तरीही हे पद टिकून आहे, आणि ते कशामुळे टिकून आहे हे समजून घेतले तर तुमच्या मुलाने काय करावे हे बरेचसे आपोआप सुचते. राज्य विद्यापीठातील लो ब्रासच्या प्राध्यापकाकडे शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी ऑर्केस्ट्रात जाणारे नसतात, ते शाळांमध्ये बँड शिकवणारे शिक्षक होणार असतात. शिकागोला १९२३ साली शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली; त्यानंतरच्या काळात बँड हा अमेरिकी शाळेचा नेहमीचा विषय होऊन बसला आणि त्याला लागणारे शिक्षक घडवणे हे विद्यापीठांच्या संगीत विभागांचे मुख्य काम झाले. ट्युबांची रांग भक्कम नसेल तर विद्यापीठाचा कॉन्सर्ट बँड उभा राहत नाही, आणि क्लॅरिनेटवर वाढलेल्या भावी शिक्षकालाही सहावीच्या मुलाच्या हाती ट्रॉम्बोन कसा द्यावा हे कोणीतरी शिकवावे लागते. विभागाला हवा असतो तो हे सारे करणारा माणूस. एकल वादनात दिग्विजय केलेला कलावंत मिळाला तर आनंदच, पण पगार दिला जातो तो या कामासाठी.

म्हणून माझा सल्ला असा की, मुलाने पदवी केवळ वादनातील न घेता म्युझिक एज्युकेशनमधील घ्यावी, आणि शाळेत शिकवण्याचा राज्याचा परवाना मिळवावा. वादनाचे धडे, मैफली, स्पर्धा यांत त्यामुळे फारसे काही बुडत नाही. वादनाची पदवी चार वर्षांची, त्यावर दोन वर्षांची मास्टर्स, त्यावर ‘डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स’ म्हणजे डी.एम.ए.ची किमान तीन वर्षे, अशी नऊ वर्षे घालवल्यावर लहान विद्यापीठातील असिस्टंट प्रोफेसरला साधारण ५५ ते ७० हजार डॉलर मिळतात. डॅलसच्या आसपासच्या बऱ्याच शालेय जिल्ह्यांत (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांत) चार वर्षांची पदवी घेतलेल्या नव्या शिक्षकाचा पगारच ६० हजारांच्या पुढे सुरू होतो. हे आकडे मुलाला घाबरवण्यासाठी वापरू नयेत. पण त्याच्यापासून लपवूही नयेत. अनेक राज्यांत राज्य विद्यापीठांतील वेतन सार्वजनिक नोंदींत पाहायला मिळते. ते त्याने स्वतः शोधून पाहावे.

दोन-तीन वर्षे शाळेत शिकवून मग मास्टर्स आणि डॉक्टरेटकडे वळलेला उमेदवार पुढे निवड समितीसमोर उजवा ठरतो, कारण त्याला शाळेतला बँड आतून माहीत असतो. त्या दोन्ही पदव्या त्याने असिस्टंटशिप मिळाली तरच कराव्यात, म्हणजे शुल्क माफ, वर थोडे विद्यावेतन आणि बदल्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम. कर्ज काढून युफोनियममध्ये डॉक्टरेट करू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. आणि ट्रॉम्बोन मात्र आजच हाती घ्यावा. युफोनियमवरच्या बोटांना ट्रॉम्बोनची सरकती नळी वश व्हायला वर्षे लागतात आणि ती तयारी पंचविशीनंतर घाईने करणाऱ्यांचे वादन ऐकताक्षणी ओळखू येते.

प्रश्न : मी मिडवेस्टमधील एका राज्य विद्यापीठात ट्रॉम्बोनमध्ये डी.एम.ए. करत असून शेवटचा प्रबंध तेवढा बाकी आहे. गेल्या हंगामात बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. काही ठिकाणांहून ध्वनिमुद्रणे मागवण्यात आली, पण त्यापुढे बोलावणे आले नाही. जाहिरात नेमकी कशी वाचावी आणि समिती काय पाहते, हे सांगाल का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : ‘कॉलेज म्युझिक सोसायटी’ची रिक्त पदांची यादी, ‘हायरएडजॉब्स’ आणि ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ या तीन ठिकाणी बहुतेक जाहिराती येतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. टेन्युअर-ट्रॅक पदांच्या, म्हणजे पुढे टेन्युअर (कायम नेमणूक) मिळू शकणाऱ्या पदांच्या, जाहिराती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दिसू लागतात, अर्जांची मुदत हिवाळ्यात संपते, प्रत्यक्ष मुलाखती वसंतात होतात आणि रुजू व्हायचे ते ऑगस्टमध्ये. एप्रिल-मेनंतर निघणारी पदे बहुधा एका वर्षापुरती किंवा कुणी अचानक सोडून गेल्यामुळे आलेली असतात. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये, कारण तेथे उमेदवारांची गर्दी कमी असते.

जाहिरातीत पहिली ओळ वाद्याची असते, पण निर्णय बहुतेकदा दुसऱ्या ओळीवर होतो. ‘लो ब्रासचे प्राध्यापक, त्याशिवाय संगीतशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे वर्ग’ असे म्हटले असेल, तर विभागात त्या वर्गांना शिक्षक नाही आणि ती अडचण सर्वांना रोज टोचते आहे, असे समजावे. शंभर अर्ज आले तर त्यांतील सत्तर-ऐंशी उमेदवार ट्रॉम्बोन उत्तमच वाजवतात. पण संगीतशास्त्राचा वर्ग स्वतः वर्षभर चालवलेले त्यांतील थोडेच असतात. तुम्ही सहायक शिक्षिका म्हणून ज्या विषयांचे वर्ग घेतले असतील ते पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात यावेत. ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ हे दोन रकाने वेगवेगळे वाचा : पहिल्यातील एखादी जरी अट पुरी होत नसेल तरी विद्यापीठाचे कार्मिक कार्यालय अर्ज समितीपर्यंत जाऊ देत नाही. प्रबंध बाकी असलेला उमेदवार चालेल की नाही, हे याच रकान्यात लिहिलेले असते.

समितीत कोण बसते, याचा विचार उमेदवार फारसा करत नाहीत. मी ज्या समित्यांवर बसलो आहे त्यांत बँडचे दिग्दर्शक असत, एखादी गायिका असे, संगीतशास्त्राचे कोणी, कधी पियानोचे कोणी. लो ब्रास वाजवणारे मात्र बहुधा कोणीच नसे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण विभागातील तो एकमेव माणूस गेला म्हणून तर जागा निघालेली असते. अशा समितीला तुमच्या रचनेची अवघड जागा कोणती हे कळत नाही. तिला सूर खरा आहे का, नाद मोकळा आहे का, लय पक्की आहे का, एवढे पहिल्या मिनिटात कळते आणि पुष्कळदा पुढचे ऐकलेच जात नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणात सर्वांत अवघड तुकड्यापेक्षा सर्वांत सुरेल तुकडा पहिला ठेवा. पदात ट्युबा आणि युफोनियमही असतील, तर त्यांपैकी एकावर तरी दोन-तीन मिनिटे वाजवून पाठवा. ‘मला तिन्ही वाद्ये शिकवता येतात’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असते. पुरावा फार थोडे पाठवतात. शिकवतानाचे चित्रीकरण पाठवताना तुमच्या सर्वांत गुणी विद्यार्थ्याला निवडू नका. सामान्य वकुबाच्या मुलाचा आवाज वीस मिनिटांत किंचित सुधारलेला दिसला, तर समितीवरील बँड दिग्दर्शकांना त्यातून जेवढे कळते तेवढे इतर कशातूनही कळत नाही.

पुढची पायरी व्हिडिओवरच्या मुलाखतीची, आणि तीही पार केलेल्या तिघांना विद्यापीठात बोलावतात. तेथील दीड-दोन दिवस थकवणारे असतात. सकाळी प्रथमच भेटलेल्या पियानोवादकाबरोबर दुपारी अर्ध्या-पाऊण तासाची मैफल, मग विद्यार्थ्यांना सर्वांसमक्ष धडा, त्यात एखादा ट्युबावाला हमखास, मग ट्रॉम्बोनच्या समूहाची तालीम, संगीतशास्त्राचा एक नमुना-वर्ग, विभागप्रमुखांची भेट, डीनची भेट आणि मधली सगळी जेवणे. जेवणे हीसुद्धा मुलाखतच असते. पुढची वीस-पंचवीस वर्षे ज्या माणसाबरोबर एका इमारतीत काढायची, तो कसा आहे हे लोक तेथे पाहत असतात.

डीन एक प्रश्न हमखास विचारतात : विद्यार्थी कुठून आणणार? या प्रश्नाला ‘उत्तम वादन आणि समर्पित अध्यापनातून’ असे उत्तर देणारे उमेदवार मी पाहिले आहेत आणि ते ऐकताना डीनच्या चेहऱ्यावरील आशा मावळतानाही पाहिली आहे. विद्यापीठापासून दोन तासांच्या अंतरावर कोणत्या शाळांचे बँड चांगले आहेत, त्यांच्या दिग्दर्शकांशी संबंध कसा जोडणार, वर्षातून एकदा शाळकरी लो ब्रास वादकांचा दिवसभराचा मेळावा कसा घेणार, याचे नावानिशी उत्तर द्यावे. हार्वी फिलिप्स यांनी १९७४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये ‘ट्युबाख्रिसमस’ सुरू केला. आपले गुरू बेल यांच्या स्मरणार्थ योजलेला तो कार्यक्रम आज दर डिसेंबरला गावोगावी होतो. बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे आजोबा त्यात शेजारी बसून वाजवतात, आणि आयोजक अनेकदा स्थानिक विद्यापीठाचा ट्युबाशिक्षक असतो. त्यातून किती विद्यार्थी मिळतात हे सांगता येणार नाही, पण गावाला त्या शिक्षकाचे नाव कळते.

तुम्हीही प्रश्न विचारा. सध्या किती विद्यार्थी आहेत, शिष्यवृत्तीसाठी किती रक्कम हाताशी आहे, आधीचे प्राध्यापक का गेले, आणि अध्यापनाचा भार कसा मोजतात? बऱ्याच ठिकाणी वर्गातील बारा तास म्हणजे पूर्ण भार धरला, तर एकेकट्या विद्यार्थ्याला शिकवण्याचे अठरा तास म्हणजे पूर्ण भार धरतात. विद्यार्थी अठराहून कमी असतील, तर उरलेला भार कशाने भरणार हे करारावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. नंतर तो बहुधा ‘संगीताचा रसास्वाद’ या दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गाने भरला जातो. टेन्युअरचा निर्णय साधारणपणे सहाव्या वर्षी होतो आणि त्यासाठी तुमच्या मैफली, ध्वनिमुद्रणे, परिषदांतील सादरीकरणे शोधनिबंधांच्या जागी धरली जातात. ती कशी धरली जातात, याचे लेखी निकष मागायला संकोच करू नये. ‘इंटरनॅशनल ट्रॉम्बोन असोसिएशन’ ही संघटना १९७२ पासून आहे आणि ट्युबा-युफोनियमवाल्यांची संघटना १९७३ पासून. त्यांच्या परिषदांत वाजवण्याची संधी आतापासूनच साधावी, कारण तेथील एक सादरीकरण अर्जातील अर्ध्या पानाचे काम करते.

प्रश्न : मी ओहायोतील तीन महाविद्यालयांत ट्युबा आणि युफोनियम शिकवतो, तिन्हीकडे तासांवर नेमलेला अ‍ॅडजंक्ट म्हणून. आज ना उद्या यांपैकी एखाद्या ठिकाणी कायम होईन, या आशेवर थांबावे का? (एक शिक्षक)

उत्तर : थांबू नये. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची जी स्थिती आहे, तीच थोड्याफार फरकाने तुमची आहे : जागा मंजूर झाली तरी ती तुम्हाला मिळेल असे नाही. पूर्णवेळ पद निघाले की राष्ट्रीय पातळीवर जाहिरात द्यावी लागते, आणि समितीला ओळखीच्या माणसाच्या उणिवा ठाऊक असतात, अनोळखी माणसाच्या नसतात. वर्गाच्या एका विषयाला एका सत्राचे साधारण तीन ते पाच हजार डॉलर आणि खासगी धड्यांना तासावर पैसे, शिवाय आरोग्यविमा बहुधा नाही, असा हा व्यवहार आहे. एक-दोन वर्षे तो अनुभव म्हणून अर्जात शोभतो. त्यापुढे त्याची किंमत वाढत नाही.

काळही अनुकूल नाही. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून अधिक मुले जन्मली आणि त्यानंतर जन्म घटत गेले. ती मुले २०२५ साली अठरा वर्षांची झाली, म्हणजे येथून पुढे महाविद्यालयात येणाऱ्यांची संख्या उतरणार हे उघड आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ साली २८ अभ्यासक्रम आणि अध्यापकांची १४३ पदे कमी करण्याचा निर्णय घेतला. फिलाडेल्फियाचे ‘युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स’ जून २०२४ मध्ये जवळजवळ एका आठवड्याच्या सूचनेवर बंदच झाले. अशा वेळी निवृत्त झालेल्या लो ब्रास प्राध्यापकाचे पद पुन्हा न भरता त्याचे धडे अ‍ॅडजंक्टकडे सोपवणे ही कोणत्याही डीनला सुचणारी पहिली काटकसर असते. तुमच्याकडे शाळेत शिकवण्याचा परवाना नसेल तर तो मिळवा. परवाना आणि तीन वर्षांचा शालेय अनुभव असलेल्याला म्युझिक एज्युकेशनच्या पदांसाठीही अर्ज करता येतो. त्या पदांना उमेदवार तुलनेने कमी असतात, आणि त्यांपैकी काहींत ट्युबाचे विद्यार्थीही जोडून मिळतात.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा लष्कराच्या बँडमध्ये भरती होणे सोपे नाही का? (एक आजोबा, न्यू जर्सी)

उत्तर : सोपे नाही, पण अधिक सरळ आहे. ऑर्केस्ट्रा आणि वॉशिंग्टनमधील लष्करी बँड उमेदवाराला पडद्याआडून ऐकतात आणि पदवी विचारत बसत नाहीत. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या ट्युबाच्या एका जागेसाठी सुमारे दोनशे उमेदवार होते आणि २००६ साली ती मिळाली कॅरल जँच हिला, जी तेव्हा मिशिगन विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षात होती. विद्यापीठात मात्र आधी डॉक्टरेट, मग वादन. अडचण एवढीच की, एका ऑर्केस्ट्राला ट्युबा एकच लागतो आणि पूर्णवेळ पगार देणारे ऑर्केस्ट्रा थोडेच आहेत. लष्करी बँडमध्ये ट्युबा आणि युफोनियम यांच्या जागा त्या मानाने अधिक असतात. १७९८ साली स्थापन झालेल्या मरीन बँडमधील वादकांना नेहमीचे लष्करी प्राथमिक प्रशिक्षणही घ्यावे लागत नाही. १९२२ सालच्या ‘पर्शिंग्ज ओन’ या भूदलाच्या बँडमध्ये ते घ्यावे लागते. हुद्दा स्टाफ सार्जंटचा, विमा आणि घरभाडे सरकारी, आणि वीस वर्षांनंतर निवृत्तिवेतन. नातवाने नागरिकत्वाच्या आणि सुरक्षा तपासणीच्या अटी जाहिरातीत आधी वाचाव्यात.

शिवाय ही वाट पुढे विद्यापीठाकडेही वळते. ब्रायन बोमन यांनी आधी लष्करी बँडांत युफोनियमवादक म्हणून नाव कमावले आणि नंतर नॉर्थ टेक्सास विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवले. निवृत्तिवेतन सुरू असलेल्या माणसाला लहान विद्यापीठाचा पगार टोचत नाही, हा त्यातील व्यवहार आहे.

प्रश्न : मी मडगावचा. लहानपणी चर्चच्या संगीतशाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, शिकलो, ट्रॉम्बोनवर ट्रिनिटी कॉलेजची आठवी ग्रेड केली आणि सध्या लग्नसमारंभांच्या बँडमध्ये वाजवतो. अमेरिकेत मास्टर्स आणि डॉक्टरेट करून तेथेच प्राध्यापक होता येईल का? (एक वादक, गोवा)

उत्तर : शिक्षण आणि नोकरी या दोन गोष्टींचा विचार वेगळा करा. शिक्षणासाठी जाणे तुमच्या आवाक्यात आहे. मास्टर्सच्या प्रवेशासाठी बहुतेक संगीतशाळा डिसेंबरच्या सुमारास ध्वनिमुद्रणे मागवतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत निवडचाचण्या घेतात. परदेशी उमेदवाराला ध्वनिमुद्रणावरही प्रवेश मिळू शकतो. आपल्याकडील बँडमध्ये वाजतो तो अरुंद नळीचा ट्रॉम्बोन तेथे चालणार नाही. एफ-व्हॉल्व्ह (अंगठ्याने चालवायची झडप) असलेले रुंद नळीचे वाद्य मिळवून त्यावर निदान वर्षभर तयारी करूनच ध्वनिमुद्रण करा. सोल्फेजची तुमची जुनी शिस्त तेथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल, कारण स्वर वाचून गाण्याच्या तासाला तेथील भल्याभल्या वादकांची त्रेधा उडते.

नोकरीचे मात्र सांभाळून. संगीताच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची मुभा एकाच वर्षाची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी वाढीव मुदत संगीताला नाही. त्या एका वर्षात पद मिळाले, तर विद्यापीठांना एच-१बी व्हिसाच्या सोडतीत उतरावे लागत नाही, ही मोठी सवलत आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना ते लागू नाही, असे पुढे स्पष्ट करण्यात आले असले, तरी हे नियम बदलते आहेत आणि त्या वेळी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची रांगही फार लांब आहे. साठ हजार डॉलरच्या पदासाठी एवढी यातायात करण्याची तयारी लहान विद्यापीठाकडे असतेच असे नाही. जाहिरातीत ‘व्हिसाचे प्रायोजकत्व उपलब्ध नाही’ असे पुष्कळदा स्पष्टच लिहिलेले असते.

परतायचे ठरवले, तर भारतातील विद्यापीठांत ट्रॉम्बोनसाठी स्वतंत्र पद ठेवण्याची पद्धत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे, महानगरांतील आंतरराष्ट्रीय शाळांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षक लागतात, आणि गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे. यांतून मिळून एक बरा व्यवसाय उभा राहू शकतो, परंतु त्यासाठी मास्टर्स पुरते. डॉक्टरेट लागत नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर मास्टर्सला जरूर जा. घर गहाण ठेवून जाऊ नका.

प्रश्न : मुलगी पुढच्या वर्षी ट्युबा घेऊन विद्यापीठात जाणार आहे. वाद्य आत्ताच विकत घ्यावे का? (एक वडील, इलिनॉय)

उत्तर : घेऊ नये. व्यावसायिक दर्जाचा ट्युबा दहा हजार डॉलरपासून तीस हजारांपर्यंत जातो, आणि पुढे तिला दोन लागतील : ऑर्केस्ट्रासाठी बहुधा सी स्वराचा आणि एकल वादनासाठी एफ किंवा ई-फ्लॅटचा. शाळेत ती वाजवते तो बी-फ्लॅटचा असणार, म्हणजे बोटांची सवयच बदलायची आहे. बहुतेक संगीतशाळा पहिल्या वर्षी आपले वाद्य वापरायला देतात. तशी सोय आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. वर्षभराने तिच्या शिक्षकांना सोबत नेऊन वापरलेले वाद्य पाहावे. चांगल्या ट्युबाची किंमत फारशी उतरत नाही, त्यामुळे पुढे विकायची वेळ आली तरी पैसे बुडत नाहीत. आणि गाडी घेणार असाल तर मागची सीट आडवी होणारी घ्या.